काटामोड्यांची गूळतुला

वडीगोद्रीच्या हायवेवर भागवतचं बी-बियाण्याचं दुकान आहे. एका सोमवारी तिथं बसल्या बसल्या त्यानं ठरवलं, की आजपासून समोरच्या राधेश्यामच्या टपरीवरचा चहा बिनसाखरेचा प्यायचा. बस्स, एवढंच. दुसऱ्या कुणी ठरवलं असतं तर फार तर चहा बेचव लागला असता. पण भागवतच्या नशिबात साधं काही लिहिलेलंच नाही.

चहामागं कारण होतं. आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली, तेव्हा त्याच्या आईनं, केशरबाईनं, मारुतीला नवस बोलला होता, "माझं लेकरू उठून बसू दे, त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन." लेकरू (वय पंचेचाळीस) उठून बसलं. इतकं नीट बसलं की पुन्हा उठायचं नावच घेईना. आता येत्या हनुमान जयंतीला भागवतची गूळतुला होती. एका पारड्यात तो, दुसऱ्यात गूळ, पारडी बरोबरीत आली की तो गूळ गावाला वाटायचा.

यात घाबरण्यासारखं काय? तर भागवतच्या बापाचीही अशीच तुला झाली होती, आणि काटा मोडला होता. तो आवाज अंबडपर्यंत गेला म्हणतात. पाराखालची कुत्री पोळ्यापर्यंत गावात फिरकली नाहीत (हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात आहेत आणि दुर्दैवानं रोज दुकानासमोरच बसतात). तेव्हापासून घराण्याचं आडनाव गेलं आणि 'काटामोडे' चिकटलं. दुकानाच्या बोर्डावर भारदस्त नाव आहे, पण ते रंगवणाऱ्या पेंटरनंतर कुणी वाचलेलं नाही. सगळ्या गावासमोर काटा न मोडता खाली उतरायचं आणि हे नाव पुसून टाकायचं, भागवतला या जन्मात दुसरं काही नको होतं.

नुसत्या चहानं भागेना, म्हणून तो अंबडला डॉक्टरीणबाईंकडं गेला.

"बाई, सरळ सांगा. हे आमच्यात खानदानीच आहे ना? म्हणजे माझा काही दोष न्हाई?"

"खानदानी आहेच," बाई म्हणाल्या. "काही घराण्यांत चरबी साठवायची ओढ रक्तातूनच येते. भूक जास्त लागते, पोट भरल्याचं उशिरा कळतं. पण तेवढ्यानं होत नाही. तुम्ही काय विकता?"

"बियाणं."

"मग शेतकऱ्याला काय सांगता? बियाणं जोमदार आहे, पण..."

"पण खतपाणी बराबर द्या," भागवतच्या तोंडून गेलं. (हे वाक्य तो हंगामात झोपेतसुद्धा म्हणतो.)

"झालं तर. तुमचं बियाणं लई जोमदार आहे. म्हणून खत दुसऱ्यापेक्षा कमी पाहिजे. तुम्ही जास्त घालताय."

पीक बिघडलं की दोष बियाण्याचा का खताचा, हे भांडण भागवतला पाठ होतं. घरी आल्यावर पाटावर बसतानाच त्यानं आईला आणि बायकोला निकाल दिला.

"माय, बियाणं तुझं. सत्यशीला, खत तुझं. मी बिचारा नुसतं वावर आहे."

केशरबाईनं ताट सरकवलं. "माझ्या पोटाला खराब बियाणं म्हणतो? मंग वसंता कुणाचा? त्यो काय बाजारातून आणल्ता?"

वसंता म्हणजे भागवतचा सख्खा धाकटा भाऊ, परतूरला मास्तर. तेच नाक, तेच कान, तेच टक्कल. पण अंगानं असा, की फळ्यासमोर उभा राहिला तरी पोरांना मागचं सगळं वाचता येतं.

"तेच तर सांगून राह्यलो! बियाणं एकच. पण वसंताच्या बायकोला स्वयंपाक येत न्हाई."

"अन् मला येतो, हा माझा गुन्हा?" सत्यशीलानं पळी आपटली. "आवं, तुम्ही जे खाता तेच मी बी खाते. मंग मला का न्हाई लागत?"

हे खरं होतं. सत्यशीला पुरणपोळी तुपात बुडवून खायची आणि तरी तिच्या बांगड्या दंडापर्यंत चढायच्या.

"तुझं बियाणं वायलं."

"माझ्या माहेरावर जायाचं काम न्हाई!"

त्या दिवसापासून भागवत अर्ध्या भाकरीवर आला. अर्धी भाकर, वाटीभर वरण, मेथीची भाजी. हनुमान जयंतीपर्यंत आपण वसंताच्या जवळपास जाऊ, असं धरून त्यानं गूळही त्याच बेतानं मागवला.

पण दुकानातल्या गोण्यांच्या काट्यावर तो चढला की आकडा पुढंच. अर्ध्या भाकरीवर माणूस वाढतो कसा? तो युरियाच्या थप्पीवर बसून भिंतीकडं बघत राहायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "काय बी पेरा. रक्तात जे आहे तेच उगवतं." गिऱ्हाईक गुपचूप पुढच्या दुकानात जायचं. रात्रंदिवस त्याच्या कानात एकच आवाज घुमत होता, काटा मोडल्याचा.

हनुमान जयंतीला मोंढ्यातल्या कडूबा हमालानं कापसाचा मोठा काटा लिंबाच्या फांदीला टांगला.

"बिलकुल घाबरू नका शेठ. नव्या साखळ्या लावल्यात. या साखळीला म्हैस बांधल्ती मी."

"धरली का?"

"धरली असती. पण म्हैसच लई घाबरली."

अर्धं गाव प्रसादाला आलं होतं, अर्धं आवाज ऐकायला. भागवतनं डोळे मिटले आणि पारड्यात बसला. फांदी वाकली. साखळ्या करकरल्या. आणि काटा... मोडला नाही! गर्दीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचा डाग धुतला गेला होता.

मग कडूबा गूळ चढवू लागला. ढेपीवर ढेप, ढेपीवर ढेप. गूळ संपला. भागवतचं पारडं जमिनीला चिकटलेलंच.

"तुला सुरू झाली की पारडं उचलल्याबिगर उतरता येत न्हाई," पुजारी म्हणाले.

"जल्दी युरियाची गोणी आणू का?" कडूबा.

"देवाच्या तुलेत युरिया?" केशरबाईनं त्याला दटावलं आणि आपल्या हक्काचं काही सापडतंय का म्हणून इकडंतिकडं बघितलं. "वसंता, बस रे त्या पारड्यात. तू बी माझाच."

"माय, गाव बघून राह्यलंय!"

"बस म्हणते ना!"

वसंता मास्तर गुळावर बसले. पारडं दणकन खाली आलं आणि भागवत तरंगला. कडूबा एकेक ढेप काढत गेला. तीन ढेपी उरल्या आणि पारडी बरोबरीत आली. हवेत दोन भाऊ समोरासमोर. तेच नाक, तेच कान, तेच टक्कल. फरक म्हणून होत्या त्या वसंताच्या मांडीखालच्या तीन ढेपी.

भागवतला ते सोसलं नाही. "मी अर्ध्या भाकरीवर होतो!" तो वरूनच ओरडला. "मारुतीची आण! खत बंद होतं! सगळं बियाण्याचं आहे!"

केशरबाईनं पदर तोंडाला लावला.

"वरणात तूप सोडत होते मी. वाटीत वरण कमीच असायचं."

"माय!"

"अरे, नवस बोलले तवा जेवढा होतास तेवढाच देवाला दाखवाया नको? माल सुकवून काट्यावर ठेवायचा म्हंजे देवाला फसवणं झालं. आपण काय व्यापारी हावोत?"

(भागवत व्यापारीच होता, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.)

सत्यशीला जमिनीकडं बघत म्हणाली, "भाकर अर्धीच होती. पण दोन भाकरींचं पीठ घेऊन थापत होते. मला खत म्हणले ना? म्हणलं, घ्या खत."

भागवत पारड्यात गोल फिरला (साखळीला पीळ बसला होता). "बघा लोकहो! घरच्यांनीच घात केला! मी नियमानं बिनसाखरेचा चहा..."

"चहा बिनसाखरेचाच होता, शेठ," गर्दीतून राधेश्याम म्हणाला. "पण त्याच्यासोबतची भजी?"

"चहा कडू लागायचा रे," भागवत पुटपुटला.

कडूबानं हळूच दोन्ही पारडी खाली सोडली. वसंता काही वाटता येत नव्हता, म्हणून होता तेवढा गूळ गावाला वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत गोण्यांच्या आड बसला होता. अंतरवाली सराटीचा एक शेतकरी राधेश्यामच्या टपरीवर थांबला.

"भाऊ, काटामोड्याचं दुकान कुठं आलं?"

"काटामोडे? आता तसं कुणी म्हणत न्हाई त्यांना."

भागवतचे कान टवकारले. छाती भरून आली. शेवटी नाव पुसलं तर!

"कालपासून त्यांना गूळबुडवे म्हणतात. देवाला गूळ कबूल केला अन् भाऊ तोलून दिला."

"असं का? मंग दुकान ओळखायचं कसं? बोर्ड हाय ना?"

"बोर्ड हाय. पण वाचायला जाऊ नका," राधेश्याम भज्यांचा घाणा काढत म्हणाला. "मालक आडवा येतो."