ओळखीच्या एका बाईचं दुखणं

"दुखणं आपलं गं, नाव शेजारणीचं घ्यावं,
औषध तिच्या हातचं, आपण घरी न्यावं."

निंग्रुमची थोरली मावशी हे गुणगुणत तिच्या पाठीला तेल लावायची आणि जुन्या तांब्याच्या नाण्यानं पाठ खरवडायची. पाठीवर लाल पट्टे उठले, की अंगात शिरलेला वारा निघून गेला असं समजायचं. पोर ओरडली तर मावशी म्हणायची, "ओरडू नये. ज्याचं त्यानं सांगितलं तर ते रडगाणं, दुसऱ्याचं म्हणून विचारलं तर ती चौकशी." मावशीला जाऊन वर्षं झाली. तिचा तो सूर निंग्रुमच्या कानात राहिला. कानातच राहिला, पुढे डोक्यात काही गेला नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

निंग्रुम जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या एका कॉलेजात भाषा शिकवायची आणि तिचा अभ्यास होता दुखण्याच्या शब्दांचा. मादागास्करपासून पार हवाईपर्यंत जी बेटं पसरली आहेत, तिथल्या लोकांचे पूर्वज एकाच घरचे. होड्यांतून निघाले तेव्हा त्यांनी नारळ नेला, डुक्कर नेलं आणि आपलं दुखणंही बरोबर नेलं. फिलिपिन्समधलं 'मसाकित' टोंगाला पोचेपर्यंत 'महाकी' झालं आणि हवाईला उतरेपर्यंत लाटांनी इतकं घासलं, की उरलं नुसतं 'मइ'. न्यूझीलंडच्या माओरींनी तर आजाराला आणि मरणाला एकाच शब्दात बसवून टाकलं. हे सगळं निंग्रुमला तोंडपाठ होतं. राहिलं होतं ते तिचं स्वतःचं गाव. ठणका, कळ, चमक, कणकण, हाडांत उतरलेला गारठा, मिरची लागल्यासारखी चुणचुण, या सगळ्यांना आपल्या आळीतल्या बायका काय म्हणतात, ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यायचं तिनं ठरवलं.

सुट्टीत ती घरी आली होती ती खरं तर वेगळ्याच कामासाठी. प्रासोजोच्या घरचे तिला मागणी घालायला येणार होते. हा प्रासोजो पलीकडच्या गावचा, फोटोंना चौकटी करून देणारा, चांगला मुलगा; पण मागणीचा दिवस तीनदा ठरून तीनदा पुढे गेला होता. एकदा त्याच्या आईला दिवस शुभ वाटला नाही, एकदा कुठल्या तरी काकांना सवड नव्हती आणि तिसऱ्यांदा तर कारणही नीट कळलं नाही. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा निंग्रुमच्या आईनं, बू वार्तिनाहनं (तिकडे मोठ्या बाईला मानानं 'बू' म्हणतात), एवढा मोठा सुस्कारा टाकला की कापडावरच्या नक्षीसाठी मेण तापत होतं त्या कढईखालचा जाळ हलला. त्या सुस्काऱ्यानं निंग्रुमला फार वाईट वाटलं. पस्तिशीची नवरी प्रासोजोच्या आईला नको असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. आता ठरला होता तो रविवार चौथा. हाही गेला तर पाचवा मागायचा नाही, असं तिनं प्रासोजोला सांगून टाकलं होतं.

तर अशा आठवड्यात ती शब्द गोळा करायला बाहेर पडली.

पहिलं घर बू तुगिनेमचं. ही बाई सकाळी हळद-चिंचेचा काढा बाटल्यांत भरून दारोदार विकायची आणि काढ्याबरोबर बातम्याही पोचवायची. निंग्रुमनं विचारलं, की बरगडीखाली सुई टोचल्यासारखं होतं त्याला काय म्हणतात? आणि सांध्यांत आतून कुरतडल्यासारखं होतं त्याला? बू तुगिनेमनं हातातली बाटली खाली ठेवली.

"कुणाला होतंय?"

"कुणाला नाही हो. कामासाठी विचारतेय."

बू तुगिनेमनं मान हलवली. भल्या घरची मुलगी दुसरं काय सांगणार?

"किती दिवस चाललंय हे?"

"नऊ वर्षं झाली," निंग्रुम हसून म्हणाली. "आता सोडवत नाही."

बू तुगिनेमनं सगळे शब्द सांगितले. प्रत्येक शब्दाबरोबर त्यावरचा पालाही सांगितला, काढ्याची बाटली फुकट दिली आणि दारापर्यंत पोचवताना तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. निंग्रुमला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत. पुढच्या घरी तिला खुर्ची मिळाली. त्याच्या पुढच्या घरी उशी. चौथ्या घरी ती पोचायच्या आधीच मऊ भाताची पेज तयार होती.

दुपारी घरी येऊन बघते तर ओसरीवर बायका बसलेल्या. कुणी साखर आणली होती, कुणी संत्री, आणि मधोमध तो बिस्किटांचा लाल डबा. आळीत कुणीही आजारी पडलं की हा डबा त्याच्याकडे जायचा. आजारी माणूस बरं झालं की न उघडता पुढच्याकडे. डबा आला म्हणजे आजार पक्का.

"मला काही झालेलं नाही," निंग्रुम म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. ज्याला काही झालेलं नाही तो असं कशाला म्हणेल? साधा ताप असता तर 'अंग जरा जड आहे' म्हणाली असती. इतक्या ठामपणे नाही म्हणते, म्हणजे मोठंच असणार.

बू तुगिनेमनं तिला चटईवर पालथं घातलं आणि नाणं काढलं. पाठ खरवडली की कुणाचीही लाल होते, दगडाची सोडून. निंग्रुमची झाली. "बघा," बू तुगिनेम म्हणाली, "नऊ वर्षांचा वारा आहे." एकीनं मानेवर तेल चोळलं, एकीनं पायाचे तळवे धरले. तोंड चटईत दाबलेल्या निंग्रुमला शास्त्र समजावून सांगायचं होतं. पण मादागास्कर म्हणायला गेली की ठणका उठायचा, आणि त्या ठणक्याला जो शब्द तिच्या तोंडून निघाला तो तिला हवा असलेल्या यादीतला पहिलाच होता.

बायका गेल्यावर आई तिला म्हणाली, "शब्दच हवे होते तर फुलांचे विचारायचेस. अख्ख्या गावात तुला दुखणीच सापडली?"

आई उंच स्टुलावर बसून कापडावर मेणाची नक्षी काढत होती. स्टुलाखाली विटा लावल्या होत्या. धूर डोळ्यांत जातो म्हणून, असं आईनं सांगितलं होतं आणि निंग्रुमनं ते खरं मानलं होतं.

पण घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी. आजाऱ्याला भेटायला जायचं तर सगळ्यांनी मिळून टेम्पोनं जायचं, अशी आळीची रीत. ज्या बायकांना आदल्या दिवशी येता आलं नव्हतं त्यांनी, मुलगी मोठ्या दवाखान्यातच असणार म्हणून, टेम्पो सांगूनही टाकला होता. ती तर दोन गल्ल्या पलीकडे घरीच आहे असं कळलं. पण सांगितलेला टेम्पो परत कसा पाठवायचा? तेव्हा बू तुगिनेमसकट सगळ्या चढल्या, बाजाराला वळसा घालून येऊ म्हणाल्या. आणि बाजारात बरोबर प्रासोजोच्या आईचं, बू सुहार्तीचं, कापडाचं दुकान.

एवढ्या बायका, एवढी संत्री. बू सुहार्तीनं दुकानातूनच विचारलं, कोण आजारी आहे?

मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायचं पाप कुणाला हवंय? मग बू तुगिनेम उठून उभी राहिली.

"कुणी नाही, बू. निंग्रुम तर मुळीच नाही. दोन ताटं भात जेवते. तिची पाठ तर इतकी छान आहे."

टेम्पो निघाला तेव्हा बू सुहार्ती हातातली कात्री तशीच धरून रस्त्याकडे बघत राहिली होती. बू तुगिनेमनं हे सगळं येऊन सांगितलं ते 'बाजू सांभाळून घेतली' अशा थाटात. निंग्रुमनं ऐकलं आणि ती मागच्या अंगणात जाऊन केळीखाली बराच वेळ बसली. चौथा रविवारही गेला, हे सांगायला आता निरोपाचीसुद्धा गरज नव्हती.

निरोप नाहीच आला. आली ती बू सुहार्ती स्वतः, संध्याकाळी, प्रासोजोच्या स्कूटरवर मागे बसून.

आळीला हे कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. पाणी मागायला म्हणून बू तुगिनेम आली आणि खिडकीपाशी थांबली. आतमध्ये निंग्रुमनं पाहुण्यांसाठी नवी चटई अंथरली. तिची आई आधीपासून भिंतीला टेकून जुन्या चटईवर बसली होती. पाहुण्यांना बघूनही ती उठली नाही. बसल्या बसल्याच हात जोडून तिनं "या, बू, बसा" म्हटलं आणि चहा आणायला निंग्रुमला पाठवलं. निंग्रुमला ते खटकलं. आई रागावली असेल असं तिला वाटलं.

चहा घेऊन आली तरी बू सुहार्ती उभीच होती. दारावरची नक्षी बघितली, कुंड्या बघितल्या, कुंडीतल्या मिरच्या मोजल्यासारख्या बघितल्या. प्रासोजो शेंगदाणे खात चटईच्या टोकाला बसला होता. त्याच्या नावाचा अर्थ 'सरळ, मोकळं बोलणारा' असा होतो, पण तो आईसमोर तोंड उघडत नसे.

"बसा ना, बू," निंग्रुम म्हणाली.

"बसते गं. उभं राहायला बरं वाटतं मला." मग खिडकीकडे बघत तिनं विचारलं, "तू म्हणे दुखण्यांची चौकशी करत असतेस?"

निंग्रुमच्या पाठीवरचे पट्टे शालीखाली चुरचुरले. एकदाचं होऊन जाऊ दे, असं म्हणून तिनं जे होतं ते सांगून टाकलं: शब्द, बेटं, होड्या. बू सुहार्तीनं ते सगळं ऐकलं, आणि तिचा त्यावर किती विश्वास बसला ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"बरं," ती म्हणाली. "माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला खाली बसताना काही होत नाही. उठताना मात्र गुडघ्यात असं होतं, की कुणीतरी दार आतून ओढून धरलंय आणि आपण बाहेरून ढकलतोय. त्याला तुझ्याकडे काही शब्द आहे का?"

निंग्रुमचा हात सवयीनं फोनकडे गेला, हे बोल जपून ठेवावेत म्हणून. मग तो वाटेतच थांबला. कुठून तरी तेलाचा वास आल्यासारखा झाला, नाणं फिरल्यासारखं झालं, आणि इतकी वर्षं कानात अडकलेला मावशीचा सूर एकदाचा आत उतरला.

मागणीच्या दिवशी दोन्ही आयांनी चटईवर समोरासमोर बसायचं असतं. पोरांनी त्यांच्या पाया पडायचं, केळीचा घड द्यायचा, विडा द्यायचा, आणि मग आयांनी सगळ्यांच्या देखत उठायचं. खुर्ची मागणं म्हणजे समोरच्या घराचा अपमान. तीन रविवार. शुभ नसलेला दिवस, सवड नसलेले काका आणि न सांगितलेलं कारण.

ती जवळ गेली. शब्द तिच्याकडे बरेच होते. तिनं एकही वापरला नाही.

"त्या बाईंना माझा एक निरोप सांगाल?" ती हळू म्हणाली. "म्हणावं, एका घरात परवा मागणी आहे. तिथल्या मुलीची पाठ दुखतेय, तिला खाली बसवत नाही. म्हणून सगळ्यांसाठी बाकच मांडणार आहेत. त्या बाई आल्या, तर मुलीला सोबत होईल."

बू सुहार्तीनं तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर बू तुगिनेमनं श्वास रोखून धरला. प्रासोजोचा हात शेंगदाण्यांत थांबला.

बू सुहार्तीनं भिंतीला हात टेकला आणि ती म्हणाली, "कुणाच्या ओळखीची नाही गं ती. माझाच गुडघा आहे. वर्ष झालं. तुमच्या चटईची मला भीती वाटते."

मग चटईवरून, भिंतीला टेकलेल्या निंग्रुमच्या आईचा आवाज आला.

"बाक मांडताय तर आत्ताच मांडा," ती म्हणाली. "आणि मला आधी कुणीतरी हात द्या. दुपारपासून इथंच बसलेय मी. उठताच येत नाहीये."