कडुबाअण्णांचं पेंगविन

हर्सूलला थंडी पडली की आमची गल्ली कानटोप्या बाहेर काढते आणि कडुबाअण्णा खोबरेल तेलाची बाटली. अंगाला तेल चोपडायचं, एकावर एक तीन बनियन चढवायची आणि तलावाकडं फिरायला निघायचं. स्वेटर नाही. विचारलं की म्हणणार, "पेंगविन घालतो का स्वेटर?"

त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यावर हे खूळ लागलं. रिकाम्या घरात टीव्ही चालू असायचा. त्यात एकदा ते पक्षी दिसले आणि अण्णांना सोयरे भेटल्यासारखं झालं. "पेंगतं म्हणून पेंगविन का हो?" असं मी गमतीत विचारलं, तर बरेच दिवस अबोला धरला.

"पिसं अशी दाट, की हवा आतच कोंडती. तीच ऊब. वरून तेल, म्हणून पाणी शिरत नाय. आन् खाली चरबीची गादी!" असं म्हणून ते स्वतःच्या पोटावर थाप मारतात. ती गादी मात्र अस्सल आहे.

टपरीवर चहा पितानाही आम्हाला पेंगविनांच्या घोळक्यासारखं दाटीवाटीनं उभं करतात, ऊब सगळ्यांना पाळीपाळीनं मिळावी म्हणून. "बाहेरच्यानं आत, आतल्यानं बाहेर! पेंगविनात वशिला चालत नाय." गल्लीतले जब्बारभाई कुरकुरतात, "अण्णा, मेरेकू बाहरीच ठीक है." पण सरकतात.

यंदा त्यांची लेक लता आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मूठभर पोरगी. दवाखान्यात अण्णांसोबत मी एकटाच. लता तापानं फणफणलेली, जावई बिडकीनच्या कारखान्यातून निघालेले, वाटेतच. नर्स म्हणाली, "बाळ गार पडतंय. कुणीतरी उघड्या छातीशी धरायला हवं. बाईमाणूस आहे का?"

मी बायकोला फोन लावेपर्यंत अण्णा बटणं काढत होते.

"आजोबा, तुम्ही?"

"मादी समिंदरात जाती बाई. बापच अंडं पायावर घेतो, पोटाची घडी पांघरतो आन् बर्फात उभा राहतो. मला तर तुम्ही खुर्ची देणार."

"आधी ते तेल धुऊन या," नर्स हसत म्हणाली.

मग ते बसले. छातीवर ती पोरगी, वरून चादर. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण आता श्वाससुद्धा जपून. बऱ्याच वेळानं नर्सनं बाळाच्या तळपायाला हात लावला. "ऊब आली!" मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला, की वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगावं, हे आमच्या गल्लीतले.

अण्णा लताकडं न बघता म्हणाले, "तुला असं कधी घेतलंच नाय, लते. ओसरीवर आमचे वडील बसलेले. त्यांच्यापुढं आपलं लेकरू उचलायची लाज. तू रडायचीस, मी गोठ्यात जाऊन उभा राहायचो."

लतानं खाटेवरून हात लांबवून त्यांचा दंड धरला.

तेवढ्यात जावई धापा टाकत आले. बाळाकडं बघून पुढं झाले, सासऱ्यांना बघून दारातच थबकले. हात मागं घेतले.

"शर्ट काढा, जावईबापू," अण्णा म्हणाले. "माझ्यापुढं लाजता काय? बाप हाय तुम्ही तिचे."