फक्त गोल थेंब

माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही. म्हणून यंत्राच्या वतीने बोलायला माणूस नेमावा लागतो. उभी नोकरी मी तेच केलं.

आमच्या प्रयोगशाळेत दम्याच्या फवाऱ्यांची परीक्षा होई. लेझरचे दोन किरण जिथे एकमेकांना छेदत, तिथून थेंब गेला की चमके आणि यंत्र त्याचा आकार व वेग सांगे. अट एकच. थेंब गोल हवा. वेडावाकडा थेंब यंत्र मोजत नसे. जे मोजलं नाही ते अहवालात नसे, आणि जे अहवालात नाही त्याला जगात असण्याचं काही कारण आम्हाला दिसत नसे. (साहेबांचे थोरले चिरंजीव याच न्यायाने घरच्या बोलण्यात नसत.)

एका फवाऱ्याचे शंभरातले नव्वद थेंब यंत्राने नाकारले. उरलेले दहा मात्र थेट छातीत उतरतील इतके बारीक, इतके देखणे, की आम्ही त्याला प्रथम श्रेणी दिली. सही माझी. तेव्हा अक्षर वळणदार होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला दमा. तोच फवारा मी हौसेने तिला नेऊन दिला. आठवड्याने पाहते तर ती पाठीशी तीन उशा घेऊन बसलेली, खांदे वरखाली होताहेत.

"ताई, छातीत काही उतरतच नाही गं. सगळं जिभेवर बसतं."

मी तिला अख्खा अहवाल वाचून दाखवला. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. (तेवढा दम नव्हता.) शेवटी म्हणाली, "मग माझाच घसा वाकडा असेल."

मला ते पटलं. साहेबांनाही पटलं. रीतसर शेरा पडला : फवारा निर्दोष, रुग्ण प्रमाणबाह्य.

तिच्या नवऱ्याला शास्त्राचा गंध नाही. त्याने डॉक्टरांना विचारून दुसराच फवारा आणला, नेमका आम्ही नापास केलेला. चार दिवसांत धाकटी आमचे तीन जिने चढून आली आणि दारातच मला, मध्ये श्वासही न घेता, यथेच्छ बोलली. मला भरून आलं. पण प्रमाणबाह्य रुग्णाचं बरं होणंही प्रमाणबाह्यच, त्यामुळे ते कुठे धरता आलं नाही.

हसा खुशाल. फक्त एवढं सांगा : परवा वजनकाट्यावरून चटकन उतरलात, काटा जरा सरकवलात, चपला काढून पुन्हा चढलात, आणि मनाजोगता आकडा आल्यावर म्हणालात, "हां, आता बरोबर दाखवतोय." डॉक्टरांना कोणता सांगितलात?