छत्तीस कलमं आणि स्लॅबचं मटण

मला गंडवणारा मिस्त्री अजून जन्माला यायचाय, असं मी साताऱ्यात भेटेल त्याला सांगत होतो! आमच्या गल्लीत ज्यानं ज्यानं घर बांधलं, त्यानं मिस्त्रीशी सगळं तोंडी ठरवलं आणि नंतर बोंब मारली. मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार होऊन निवृत्त झालो. 'तोंडी' या शब्दाचाच मला तिटकारा! म्हणून वरचा मजला काढायचं ठरलं, तेव्हा बांधकामाचा करारनामा मी स्वतः लिहिला. इंटरनेटवरचे नमुने उतरवून घेतले, त्यातलं जड जड तेवढं वेचलं आणि छत्तीस कलमं केली. वाळू कशी चाळायची, विटा किती वेळ भिजवायच्या, तंबाखू खाऊन कुठं थुंकायचं, सगळं! छत्तिसावं कलम तर माझं खास: 'या करारात जे लिहिलेले नाही, ते कोणीही मागणार नाही व कोणीही देणार नाही.' बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झालं आसंल तर तेवढा लसूण सोला."

मिस्त्री तानाजी, आटपाडीकडचा. स्टॅम्प पेपरवर सही करताना त्यानं विचारलं, "सुभेदार, ह्यात समदं आलं न्हवं?"

"समदं!"

"मग काय काळजीच न्हाई," म्हणाला आणि हसला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मजल्याची एवढी घाई आमच्या वीरधवलमुळं. तो शिरवळला कंपनीत आहे. माधवनगरच्या नानासोंची साक्षी त्याला पसंत, तिला तो पसंत. अडलं होतं ते घरावर. नानासो बघायला आले, खालच्या दोन खोल्या बघितल्या आणि स्पष्ट बोलले, "वरचा स्लॅब पडू द्या. त्याच दिशी सुपारी फोडू." म्हणजे तो नुसता स्लॅब नव्हता, पोराचं लग्न होतं! म्हणून स्लॅबचा नारळ फोडायला मी नानासोंनाच बोलावलं.

सकाळी नारळ फुटला. मिक्सर धडधडायला लागला. घमेली वर चढत होती, नानासो सावलीत खुर्चीवर बसून माना डोलवत होते आणि मी करारनामा काखेत मारून फिरत होतो. दुपारपर्यंत निम्मा स्लॅब झाला. तेवढ्यात तानाजी हात पुसत खाली आला.

"सुभेदार, स्लॅबच्या मटणाचं कसं काय?"

"कसलं मटण?"

आता खरं सांगतो, आमच्या भागात स्लॅब पडला की मालक गड्यांना मटण घालतो. मला माहीत नाही असं नाही. मी स्वतः चार लोकांच्या स्लॅबला जेवून आलोय! पण मग मी करार लिहिला कशाला? मी चष्मा लावला आणि छत्तिसावं कलम खड्या आवाजात वाचलं. तानाजीनं टोपी काढून ऐकलं.

"बरुबर हाय," तो म्हणाला. मग वळून ओरडला, "ए, मिक्सर बंद करा रं!"

मिक्सर थांबला. गडी गोणपाटावर टेकले. एकानं तंबाखू मळायला घेतली.

"आरं, बंद का केलं?"

"आज एवढंच. ऱ्हायलेला आयतवारी टाकू."

"आयतवारी? स्लॅब कधी दोन तुकड्यांत टाकतात का? सांध्यातनं जन्मभर गळंल!"

"एका दिशी टाकायचा, आसं कंच्या कलमात हाय?"

मी शोधलं. वाळू सापडली, विटा सापडल्या, थुंकणंही सापडलं. ते मात्र नव्हतं! "हे काय लिहायचं असतं होय?" मी कडाडलो. "शेंबडं पोरगंबी सांगंल, स्लॅब सलग टाकतात!"

"व्हय की," तानाजी शांतपणे म्हणाला. "मटणाचंबी शेंबडं पोरगं सांगतंय."

माझं डोकं असं सणकलं! उद्धटपणाला काही सीमा? तेवढ्यात नानासो खुर्चीवरून उठले.

"काय वो सुभेदार, स्लॅबच्या गड्यास्नी मटण न्हाई?"

"प्रश्न मटणाचा नाही, तत्त्वाचा आहे!"

"जो गड्यास्नी घालत न्हाई, त्यो माझ्या पोरीला काय घालणार? वीरधवल, माझी पिशवी कुठं हाय?"

वीरधवलनं माझ्याकडं असं बघितलं, की सीमेवर शत्रूसुद्धा तसं बघणार नाही.

"थांबा!" मी ओरडलो. "देतो मटण! पण रीतसर. पुरवणी करार करतो!"

मी पोत्यावर बसून लिहायला लागलो. 'कलम सदतीस. स्लॅबचे घमेले उचलणाऱ्या प्रत्येक इसमास पोटभर मटण देण्यात येईल.'

वरून आवाज आला, "सुकं का रस्सा?"

"दोन्ही लिवा!"

"आन भाकरी कसली? बाजरीची का जुंधळ्याची?"

"आबा, माल घट्ट व्हाय लागला!" वीरधवल किंचाळला. नानासोंना ते बघवेना. त्यांनी पिशवी टाकली, बाह्या सारल्या आणि सरळ घमेलं उचललं! मागोमाग वीरधवल. तानाजीनं हात केला, मिक्सर सुरू झाला. मी अजून कांदा-लिंबाच्या पोटकलमात होतो!

सही झाल्यावर धाबं दणाणलं. एवढ्या माणसांचं मटण शिजवणार कोण? धावत घरात गेलो. बायको नव्हती. शेजारच्या अंबूबाईंच्या मागच्या परसात बघतो तर काय, चुलीवर दोन मोठी पातेली रटरटतायत आणि दोघी भाकऱ्या थापतायत!

"हे कधी केलंस?"

"सकाळधरनं. आवं, स्लॅबला मटण लागतंयच की."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी कलम काढलं आसतं."

"आणि तानाजीला?"

"त्याला म्हाईत हाय. मटण त्यानंच तर आणून दिलं पाटंचं!"

म्हणजे हा कट होता! माझ्याच घरात, माझ्याच बांधकामावर! या देशात लेखी कागदाला काही किंमत आहे की नाही?

संध्याकाळी स्लॅब पुरा झाला. अंगणात पंगत बसली. रागानं माझं डोकं तापलं होतं, पण पोटात कावळे कोकलत होते. मीही पाट ओढला.

"सुभेदार," तानाजीनं आदबीनं विचारलं, "तुमी घमेलं उचललंसा का?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. कलम सदतीस. अक्षर माझं, सही माझी! मी उठलो आणि रश्श्याचं पातेलं उचलून वाढायला लागलो.

कोपरापर्यंत सिमेंट माखलेले नानासो नळी चोखत होते. "सुभेदार, सुपारी फोडू आजच. पर माझी येक अट हाय."

"बोला की!"

"लग्नाची यादी लिवाय तुमी बसायचं न्हाई. मानपान, देणंघेणं, जे ठरंल ते तोंडी."

यादीचा कच्चा मसुदा माझ्या खिशात तयार होता. चाळीस कलमं! मी वीरधवलकडं बघितलं. तो हात जोडून बसला होता.

मी पातेलं खाली ठेवलं आणि "कबूल," म्हणालो. तोंडी!