धबधबा परक्या मुलखातलाच हवा

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कर्जत स्टेशनावर एक खेळ बघायला मिळे. आमचे शेजारी विसूअण्णा प्रवासाला निघत. धोतर, त्यावर कचेरीतला जुना काळा लांब कोट, डोक्यावर सोला टोपी, गळ्यात भली मोठी दुर्बीण आणि काखेत छत्री. त्यांच्यामागे दोन पावलांवर विधवेचं लाल आलवण नेसलेली त्यांची धाकटी बहीण मथूताई असे. तिच्या हातात शिध्याचं गाठोडं, आणि नजर फलाटाच्या फरशीवर.

हमालानं नुसतं "कुठं निघालात, अण्णा?" म्हणायचा अवकाश, अण्णांचा आवाज चढे.

"परमुलखात! धबधबा पाहायला! पक्षी पाहायला! नोंद असावी!"

घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात, म्हणून कर्जतला गाडी बराच वेळ उभी राहते. तेवढ्या वेळात ही बातमी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत पोचलेली असे. खिडक्याखिडक्यांतून लोक डोकावून हसत. अण्णा त्या सगळ्यांना टोपी काढून नमस्कार करत.

मी तेव्हा कर्जतच्या मराठी शाळेत मास्तर होतो. आमच्या आणि अण्णांच्या घरात एकच भिंत. अण्णा म्हणजे खालापूरच्या कचेरीतले पेन्शनीत निघालेले अव्वल कारकून. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. मथूताई नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती तिथंच राहिली. पन्नाशीला आलेली बाई, पण तिचा आवाज मी सहा वर्षांत सहा वेळा ऐकला असेल-नसेल. अण्णांचा आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरून उरे.

"नोंद असावी" हे त्यांचं पालुपद. आमटीत मीठ जास्त झालं तरी नोंद असावी, आणि शेजारची म्हैस व्याली तरी नोंद असावी. पक्ष्यांची नोंद मात्र खरोखरीच होई, कचेरीच्या एका जाडजूड जुन्या वहीत. ती त्यांनी मला एकदा मोठ्या मिनतवारीनं दाखवली. "पक्षी: एक. रंग: तपकिरी. ठिकाण: बाभळीचे शेंड्यावर. वर्तन: संशयास्पद." दुसऱ्या पानावर: "पक्षी: दोन, नर व मादी. मादी कामात. नर नुसता ओरडतो." पक्ष्यांची खरी नावं त्यात नव्हतीच, कचेरीतल्या हुद्द्यांचीच होती. एकाचं नाव नाझर, एकाचं पट्टेवाला. हिरव्या अंगाचा एक पक्षी होता, त्याचं नाव शिरस्तेदार, "कारण बसले जागी येणारे-जाणाऱ्याकडून घेतो."

मी हसून हसून लोळलो. मग दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "अण्णा, त्या आंब्यावर काय बसलंय?" अण्णांनी दुर्बीण उलटी धरून डोळ्याला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फारच लांब आहे, मास्तर."

ही गोष्ट मी कर्जतभर सांगितली. नक्कल मला बरी साधते. उलट्या दुर्बिणीचा प्रवेश मी गणपतीत करून दाखवला, शाळेच्या स्नेहसंमेलनातही केला. अण्णा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

पण सगळ्यांत मोठी गंमत दुसरीच होती. आमचा मुलूख काय धबधब्यांना महाग आहे? पावसाळा सरला तरी माथेरानच्या कड्यावरच्या पांढऱ्या धारा अण्णांच्या ओटीवरून दिसत. पळसदरीला जावं, नाहीतर कशेळ्याच्या अंगाला डोंगरात शिरावं, पाणीच पाणी. अण्णा तिकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांना धबधबा हवा तो परक्या मुलखातला. खालापूरपलीकडे पालीच्या वाटेला भोर संस्थानची हद्द लागते. ती ओलांडून ते दोन वर्षं जाऊन आले. एकदा जव्हार संस्थानात गेले, एकदा जंजिऱ्याच्या हद्दीत. हद्दीचा दगड आला की म्हणे जोडे काढून, उजवा पाय पुढे टाकून तो ओलांडत.

कशेळ्याच्या बाजारात मध विकायला येणारा गोमा ठाकूर एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "अण्णा, कशाला येवढं लांब जातासा? आमच्या वाडीच्या मागं हाय की धबधबा. पाखरं बी हायती. मथूआकाला बी आना, आमी दावतो."

"तुझा धबधबा कर्जत तालुक्यात येतो, गोमा. मला चालायचा नाही."

"पानी काय येगळं असतं व्हय तिकडं?"

"इथलं पाणी सरकारी. सरकारी काम मी तीस वर्षं केलं, आता नको."

गोमानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मीही मिचकावले.

मथूताईला ते बरोबर का नेत, याचं उत्तरही अण्णा न विचारता देत. "माझं पोट नाजूक. सोवळ्यातलंच लागतं. परक्याच्या हातचा घास उतरत नाही. म्हणून हिला फरपटायची. तिला कुठं यायचंय? रडत येते बिचारी!" आणि मथूताई तेव्हा अशी काही मान खाली घालून उभी राहायची की बायकांना कणव यावी. माझी बायकोच म्हणायची, "या माणसाच्या वेडापायी त्या बाईचे हाल."

एका वर्षी मात्र हे सगळं अडलं. खालापूरचे भाऊसाहेब, अण्णांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या शाळा कमिटीवर होते. माझी बढती त्यांच्या एका शब्दावर होती म्हणा ना. ते एक दिवस अण्णांच्या ओटीवर येऊन बसले. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकत होतो.

"विसू, तुझं वेड तुझ्यापाशी ठेव. पण भोरकडच्या कुणीसं मला सांगितलं, मथू म्हणे ओढ्यात पाय सोडून बसली होती. चारचौघांदेखत."

"पाय पोळले होते तिचे," अण्णा म्हणाले. "चुलीचा निखारा पडला."

"असेल. पण विधवा बाईमाणूस मजेसाठी हिंडते असं कुणी म्हणता कामा नये. आमच्या सूनबाईचे दिवस भरत आलेत, घरात हक्काचे दोन हात हवेतच. दिवाळीनंतर मथूला मी खालापूरला नेतो. कायमची."

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आणि माझ्या पोटाचं काय?"

"खानावळ बघ."

 अण्णा म्हणाले, "यंदा गोव्याच्या हद्दीत दूधसागर पाहायचा ठरवलाय. ती नसेल तर मी वाटेतच मरेन. मग ठरव."

भाऊसाहेब उठले ते सरळ माझ्याकडे आले. "मास्तर, दसऱ्याची सुट्टी आहे ना? तुम्ही यांच्याबरोबर जा. ती स्वैपाकासाठीच जाते की आणखी कशासाठी, ते डोळ्यांनी बघा आणि मला येऊन सांगा. तुमच्या सांगण्यावर मी ठरवीन."

मी आनंदानं हो म्हटलं. फुकटचा प्रवास, अण्णांच्या नव्या नकला, आणि वर भाऊसाहेबांची मर्जी.

पुणं, मिरज, गाड्या बदलत आम्ही गोव्याच्या हद्दीवरच्या स्टेशनात पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वाटेत अण्णा खिडकीकडे पाठ करून डोळे मिटून बसले होते.  पूल आला की ते कोटाचं बटण घट्ट धरत. मथूताई खिडकीशी होती, पण आलवण इतकं पुढे ओढलेलं की ती जागी आहे की झोपलेली, तेही कळेना.

तिथं पोर्तुगीज सरकारचे लोक सामान तपासतात. गलमिश्यांचा एक अंमलदार आमच्यासमोर उभा राहिला. धोतर, सोला टोपी, दुर्बीण आणि ती वही बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खंय वता? काम कितें?"

"पक्षी पाहायला! धबधबा पाहायला!" अण्णा नेहमीच्या आवाजात गरजले.

अंमलदार मराठी बरं बोलायचा. तो म्हणाला, "असली दुर्बीण घेऊन, पूल आणि घाट असलेल्या जागी? पक्षी पाहणारे तुम्ही? मग सांगा, तो तारेवर बसलाय तो कोण?"

तारेवर एक हिरवा पक्षी होता. अण्णांनी चष्मा पुसला, दुर्बीण डोळ्याला लावली, या वेळी सुलटी, आणि बघत राहिले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. मला एकदम कळलं, या माणसाला काहीही दिसत नाहीये.

"तो... चिमणीच्या जातीतला..."

"गाडीतून सामान उतरवा," अंमलदार शिपायाला म्हणाला. "पुढं जायचं नाही."

"शिरस्तेदार आहे तो."

कोण बोललं, ते आधी मला उमगलंच नाही. मथूताई होती. मान खालीच, पण शब्द स्वच्छ.

"वहीत आहे. पान उलटा. आता तो झेप घेईल, उडता किडा धरील आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसेल. मग किडा तारेवर आपटील आणि मगच गिळील. त्याच्या शेपटीतलं मधलं पीस सुईसारखं बाहेर आलेलं असतं, बघा."

आम्ही सगळे मान वर करून उभे राहिलो. पक्ष्यानं झेप घेतली. परत त्याच जागी आला. किडा तारेवर आपटला, दोनदा. अंमलदारानं वही उघडली, पान लावलं, कशावरून शिरस्तेदार ते वाचलं आणि असा हसला की शिपाईसुद्धा दचकला. त्यानं वही मथूताईच्या हातात दिली. अण्णांच्या नव्हे.

दूधसागरच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. परतीच्या गाडीला चार-पाच तास होते. धबधब्याचं वर्णन मी करत नाही. मला ते जमायचं नाही. आकाशातून दूध सांडत होतं आणि कानांत दुसरं काही शिरत नव्हतं, एवढंच.

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. मग गळ्यातली दुर्बीण काढली आणि बहिणीच्या गळ्यात घातली. तिनं डोक्यावरचं आलवण मागे सारलं, दुर्बिणीचं चाक बोटानं बरोबर फिरवलं आणि दुर्बीण वर नेली. मग खडकावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. अण्णांनी धबधब्याकडे पाठ केली, छत्री उघडली आणि वाटेच्या तोंडाशी पहारेकऱ्यासारखे बसले.

"अण्णा, चार टप्पे आहेत रे!" ती ओरडली. "आणि धारेच्या मागून पाखरं आत जातायत! घरटी आहेत तिथं! लिही!"

अण्णा मान न वळवता लिहीत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "तुम्ही बघत नाही?"

"मला उंचीनं घेरी येते, मास्तर. पाण्याचंही भय वाटतं. लहानपणापासून."

"मग हे सगळं..."

"ही सात वर्षांची असताना झाडावर चढून कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात शोधायची. नवव्या वर्षी तिला आत बसवली. आम्हीच बसवली, मीही होतो त्यात." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "विधवेनं काशीला जावं, पाखरं बघायला जाऊ नये. कर्जत तालुक्यात झाडालाही तिचं नाव ठाऊक आहे. हद्द ओलांडली की ती कुणाचीच कोणी नसते. आणि मी टोपी घालून ओरडत गेलो, की लोक माझ्याकडे बघून हसतात. तेवढा वेळ तिच्याकडे कुणी बघत नाही."

मी गणपतीत केलेला तो प्रवेश मला आठवला. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"तुम्हाला भाऊसाहेबांनी कशाला पाठवलंय, ते ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले. "तुमचीही नोकरी आहे. पण मास्तर, याची नोंद नसावी."

कर्जतला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी खालापूरला गेलो. भाऊसाहेब पान जमवत बसले होते.

"काय पाहिलंत?"

मी अण्णांचा आवाज काढला, टोपी सावरली, उलट्या दुर्बिणीतून छताकडे बघितलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली नक्कल असेल. भाऊसाहेबांना पान खाता येईना, इतके ते हसले.

"आणि मथू?"

"त्यांनी काय बघायचं, भाऊसाहेब? धुरात बसून पिठलं ढवळत होत्या. मान वर केली नाही बिचारीनं. पण एक सांगतो, त्या नसत्या तर अण्णा तिसऱ्या दिवशी उपाशी मेले असते आणि क्रियाकर्माला गोव्याला तुम्हाला जावं लागलं असतं."

भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. "वेडा तो वेडाच. राहू दे मग तिला तिथंच. सूनबाईला माहेरी पाठवतो."

संध्याकाळी मी अण्णांच्या ओटीवर जाऊन तेवढंच सांगितलं: "राहू दे म्हणाले." अण्णा उठून आत गेले, बऱ्याच वेळानं वही घेऊन बाहेर आले आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. शाई अजून ओली होती.

"मास्तर: एक. रंग: सावळा. आवाज: मोठा. वर्तन: आधी संशयास्पद. नंतर माणसाळतो."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझं," अण्णा म्हणाले. "मजकूर आतून आला."

मी आत बघितलं. माजघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि त्यामागे लाल आलवणाचा काठ दिसत होता. रस्त्यानं दोघंतिघं चालले होते. मी उठलो आणि आळीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडलो, "अण्णा, तुम्हाला ठार वेड लागलंय!"

रस्त्यावरचे लोक थांबून अण्णांकडे बघून हसू लागले. अण्णांनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला. आणि दाराआड, कुणाचं लक्ष नाही असं बघून, मथूताईही हसली.