गवारेंच्या घरची शिरगणती

माळेघाट शहरात माणसाचं व्यसन हे घरातलं वेगळं माणूस म्हणून मोजलं जातं. गेल्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या एक लाख चारशे बारा भरली. त्यांत माणसं चौऱ्याण्णव हजार एकशे चार आणि व्यसनं सहा हजार तीनशे आठ. व्यसनं धरून का होईना, लाखाचा आकडा गाठला म्हणून नगरपरिषदेला वरचा वर्ग मिळाला आणि बाजारपेठेमागच्या रस्त्याला दिवे लागले. तंबाखू-सुपारी धरत नाहीत. धरली असती तर महानगरपालिकाच करावी लागली असती. व्यसनांमधलं साक्षरतेचं प्रमाण शंभर टक्के आहे, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांना वाचता येतात.

सुशीलाबाई गवारेंच्या घरी गेल्या वेळी चार डोकी लिहिली होती: त्या स्वतः, थोरला किशोर, धाकटा मंगेश आणि किशोरचं व्यसन. ते झोपेच्या गोळ्यांचं होतं. तीन वर्षांपूर्वी किशोर गेला. तेराव्याला ते निघेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पंगत बसली तेव्हा ते मंगेशच्या शेजारच्या पाटावर बसलं, आणि मंगेशनं त्याच्या पानात जिलबी वाढली. तेव्हापासून ते मंगेशचं झालं.

दीड वर्षानं मंगेश आपण होऊन व्यसनमुक्ती केंद्रात गेला. डॉक्टरांनी सांगितलं, या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, जिवावर बेतू शकतं. मी सांगेन तशा उतरवत आणायच्या. तशा त्या उतरत गेल्या, आणि जसजशा उतरल्या तसतसं व्यसनानं आपलं अंथरूण हलवलं. आधी मंगेशच्या खाटेवरून मधल्या खोलीत, तिथून पडवीत. शेवटची पाव गोळी बंद झाली त्या दिवशी ते पायरीवर जाऊन बसलं. त्याला अकरा महिने झाले. मंगेश सकाळी पिठाच्या गिरणीत कामाला जाताना त्याला ओलांडून जायचा.

यंदा शिरगणतीला बोधनकर सर आले. ते हायस्कूलला भूगोल शिकवायचे. मंगळवारी सकाळी नऊला पडवीत खुर्ची टाकून त्यांनी कागद उघडला.

"घरात किती जण?"

"दोन. मी आणि मंगेश."

सरांनी पायरीकडे पाहिलं. व्यसन दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसलं होतं. त्यानं सरांना नमस्कार केला.

"आणि हे?"

"ते बाहेर आहे, सर."

"नुसतं बाहेर असून भागत नाही, ताई. नियम चुलीचा आहे. एका चुलीवरचं जो खातो-पितो, तो त्या घरचा. अकरा महिन्यांत ह्याच्या पोटात इथलं काही गेलंय का?"

मंगेश हसला. "कोण घालणार त्याला? शेजारचं कुत्रं येतं, त्याला भाकरी मिळते. ह्याला नाही."

सुशीलाबाई पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या.

"काकू," ते हळूच म्हणालं, "सरकारी कागद आहे. खोटं नको."

"चहा देते," सुशीलाबाई म्हणाल्या. "दुपारी. हा गिरणीत गेला की."

"आई!"

"दारात बसलेल्याला कोरडं कसं ठेवायचं रे?"

"ते काय पोस्टमन आहे का, ऊन लागलं म्हणून पाणी द्यायला? मी इथं एकेक दिवस दात आवळून काढतोय, आणि तू त्याला साखर किती घालू विचारतेस?"

"दीड चमचा," ते म्हणालं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सुशीलाबाई म्हणाल्या, "शेवटचे सहा महिने किशोर घरी नव्हता. कुठं झोपायचा, काय बोलायचा, मला काय ठाऊक? हेच होतं त्याच्याजवळ. दुसरं कोणी नव्हतं. मी चहा देते, ते किशोरचं काहीतरी सांगतं."



बोधनकर सरांनी पुस्तिका काढून पानं उलटली. "चहा चुलीवर करता का गॅसवर?"

"गॅसवर."

"गॅस म्हणजे चूलच. परिशिष्टात आहे. दूध घालता?"

"घालते."

"काळा असता तर वरिष्ठांना विचारता आलं असतं. दूध आलं म्हणजे अन्न झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा ताई, ह्याची नोंद झाली की दहा वर्षं ह्या घरावर त्याचा हक्क. मग पायरी नाही. खाट आत घालावी लागेल, मंगेशच्या खोलीत, पूर्वी होती तिथं. कोणाला काढता येणार नाही."

मंगेशचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला.

"मी सध्या पेन्सिलीनं लिहितो," सर म्हणाले. "पंधरा दिवसांनी फेरतपासणी असते. तोवर घोटभरही दिला नाहीत तर खोडता येतं. आणि मंगेश, गुरुवारची व्यसनमुक्तीची बैठक चुकवू नकोस. आईलाही ने. घरच्यांसाठी तिथं वेगळी सतरंजी असते."

पहिले तीन दिवस दुपारी सुशीलाबाईंचे हात आपोआप दुसरा कप काढायचे. त्या तो परत फळीवर ठेवायच्या. चौथ्या दिवशी खिडकीतून आवाज आला. "काकू, किशोरकडे एक निळा स्वेटर होता ना? तो त्यानं विकला नव्हता. कुडकुडणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिला. हे असंच सांगितलं. त्याचा चहा नको."

त्या रात्री सुशीलाबाई नीट जेवल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्या बैठकीला गेल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वीस-बावीस जण बसले होते. त्यांची व्यसनं खाली चपलांजवळ थांबली होती. मंगेशची पाळी आली तेव्हा तो आज किती दिवस झाले ते बोलला, आणि मग एकदम किशोरबद्दल बोलू लागला. नदीवर पोहायला शिकवताना किशोर त्याला पाठीवर घेऊन बुडी मारायचा आणि वर आल्यावर स्वतःच जास्त घाबरलेला असायचा. सुशीलाबाईंना ही गोष्ट माहीत नव्हती. मंगेशचं मन हलेल म्हणून तीन वर्षांत त्यांनी त्याच्यासमोर किशोरचं नाव काढलं नव्हतं. आई रडेल म्हणून मंगेशनंही काढलं नव्हतं.

"पोटात पाणी नव्हतं ना गेलं तुझ्या?" घरी येताना त्यांनी विचारलं.

"गेलं होतं. त्यानं उलटं धरून काढलं. तुला सांगू नको म्हणून मला भजी घेऊन दिली."

"लबाड," सुशीलाबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते मंगेशनं विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी ते खिडकीशी येऊन उभं राहिलं.

"काकू, एक सांगायचं राहिलंय. किशोर शेवटी काय म्हणाला ते."

सुशीलाबाईंनी खिडकीचा गज धरला. "तीन वर्षांत नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"माझं नाव घेतलं का? तेवढंच सांग."

"घसा सुकलाय, काकू."

त्या आत गेल्या. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, दोन कप पाणी ओतलं. पाण्याला आधण आलं. पत्तीचा डबा त्यांच्या हातात होता, झाकण उघडं होतं. पाणी उकळत राहिलं, आटत आटत कपभर झालं, मग अर्धा कप, मग तळाला चुरचुरायला लागलं. तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

त्या खिडकीशी आल्या. "सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"नक्की? माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही."

"राहू दे तुझ्याकडं."

"बरं," ते म्हणालं आणि पायरीवर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी बोधनकर सर आले. त्यांनी सुशीलाबाईंना विचारलं, मग पायरीवर विचारलं.

"पंधरा दिवसांत घोटभरही नाही, सर," ते म्हणालं. "दुधाचा नाही, काळा नाही."

सरांनी खोडरबर काढलं, ओळ पुसली, फुंकर मारली आणि बेघरांच्या यादीत लिहिलं: बसस्थानक, फलाट तीन. शहराची लोकसंख्या होती तेवढीच राहिली.

"हे मरत नाही का, सर?" मंगेशनं विचारलं.

"तसा रकाना नाही. 'स्थलांतरित' एवढाच आहे. इथं सही करा, ताई. एकूण दोन."

सुशीलाबाईंनी सही केली. ते पिशवी खांद्याला लावून, सगळ्यांना नमस्कार करून स्टँडकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. मंगेशनं तोंडातल्या ब्रशसकट उघडलं.

"आहेस का?" व्यसनानं विचारलं.

"आज नाही."

"उद्या?"

"उद्याचं उद्या विचार."

त्यानं मान डोलावली आणि ते शेजारचं दार वाजवायला गेलं. सुशीलाबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी पोह्यांत मीठ घातलं आणि झाकण ठेवलं.