उभ्या मीटिंगवाले दत्तूनाना

आमच्या संस्थेत व्हीलचेअरच वीसेक आहेत, शिवाय आरामखुर्च्या आणि खाटा. पण मीटिंगमध्ये बसायची कुणालाच परवानगी नसते. दत्तूनाना स्वतः उभे राहतात आणि दुसऱ्यांनाही उभं ठेवतात. "बसलं की मानूस कशालाबी व्हय म्हनतंय," हे त्यांचं ठाम मत.

माधवनगरची आमची संस्था घरात आजारी माणूस असेल त्याला खाट, वॉकर, व्हीलचेअर वापरायला देते, फुकट. गरज संपली की वस्तू परत. हा सगळा कारभार नऊ वह्यांमध्ये होता. तो कॉम्प्युटरवर आणायचं ठरलं आणि प्रकल्पप्रमुख म्हणून नानांची निवड झाली. वह्यांमधलं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं, हीच त्यांची पात्रता. मी पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून सांगलीला आले होते. त्यामुळे मदतनीस मी.

पहिल्याच मीटिंगला पुण्याहून आलेले इंजिनीअर दमून एका व्हीलचेअरमध्ये टेकले.

"उठा, उठा! ती उद्या बुधगावला जायाची हाय!"

इंजिनीअर ताडकन उठले. पुढचे दीड तास लॅपटॉप हातात धरून उभे होते.

नानांची हयात गिरणीत मागावर गेली. गिरणी बंद पडली, तरी भाषा तिथलीच राहिली. प्रोग्रॅम अडला की ते विचारायचे, "धागा कुटं तुटला?" इंजिनीअर सर्व्हर, नेटवर्क असं काही सांगू लागले की नाना हात वर करायचे. "तुटला तर तुटला. कुटं तुटला त्ये दावा." आणि खरं सांगते, मोठ्या कंपनीतल्या माझ्या साहेबांनाही इतका नेमका प्रश्न कधी सुचला नव्हता.

खरी लढाई झाली ती शेऱ्यावरून. इंजिनीअरांनी शेऱ्यासाठी पन्नास अक्षरांची जागा ठेवली होती. नानांनी काम थांबवलं. दोन आठवडे प्रकल्प जागचा हलला नाही. इंजिनीअर काम सोडायच्या गोष्टी करू लागले.

"नाना, एवढं काय लिहायचं असतं शेऱ्यात?" पुढच्या मीटिंगमध्ये इंजिनीअरांसमोरच मी वैतागून विचारलं.

त्यांनी चौथी वही माझ्या हातात दिली. "वाच. मोठ्यानं."

मी अडखळत वाचू लागले, अक्षर अडलं की नाना सांगायचे. 'जिना अरुंद. खाट न्यायला चौघे लागतील.' 'काकूंना उजवं चाक जड जातं. तेल दिलं. त्या एकट्याच असतात, जरा वेळ बोलावं.' 'आजोबा गेले. खाट आणायला तेराव्यानंतर जाणे. चहा दिला तर नको म्हणू नये.'

 इंजिनीअरांनी लॅपटॉप उघडला आणि पन्नासाची अट काढून टाकली.

मग वह्या कॉम्प्युटरमध्ये चढल्या. शेवटचं काम राहिलं सफाईचं. प्रत्येक जुन्या नोंदीपुढे 'परत आली' किंवा 'हरवली' यातलं एक निवडायचं. नानांनी सगळ्या नोंदी भराभर उरकल्या, एक सोडून. गणपत नावाच्या माणसाला दिलेला वॉकर. अकरा वर्षांपूर्वीचा.

"हरवली टाकू?" मी विचारलं.

"न्हाई."

"नाना, एका नोंदीसाठी सगळं अडलंय."

"अडू दे."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"गणपा माज्या शेजारच्या मागावर हुता. तीस वरसं. मागांच्या आवाजात काय ऐकू येत न्हाई, म्हनून आमी हातानं बोलायचो. गिरनी बंद झाली, मग त्याचं खुब्याचं हाड मोडलं. पोरगं भिवंडीला घिऊन गेलं त्याला. वॉकर मीच दिला, टेम्पोत चढवून. आपल्याकडं वस्तू दोनच कारनानं परत येती, पोरी. मानूस बरा हुतो, न्हाईतर जातो. गणपाचा पाय काय बरा हुनारा न्हवता. आनि वॉकर तर परत आला न्हाई. मग?"



वहीतला नंबर मी माझ्या फोनवरून लावला आणि फोन त्यांच्याकडे दिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं पलीकडून एक बाई सांगत होती. नानांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मराठीतलं, हिंदीतलं आणि इंग्रजीतलंही.

"पोरानं नंबर बदलला आसंल," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन इंजिनीअरांना फोन केला. एक तिसरा पर्याय हवाय म्हटलं, 'वापरात'. कारण विचारल्यावर घडलं ते सांगितलं. संध्याकाळच्या आत पर्याय आला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम सुरू झाला. पेढे वाटले, फोटो निघाले.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी 'वापरात'ची यादी काढते. तीत चालू महिन्याच्या खाटा असतात, खुर्च्या असतात, आणि सगळ्यात वर तो एक वॉकर.

"हाय न्हवं?" नाना विचारतात.

"आहे, नाना."

परवा माझं उत्तर ऐकून झाल्यावरही ते जाईनात. मग कपाटाच्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वॉकरच्या पायाची रबरी बुचं लय लवकर झिजत्यात. चार नवी काडून ठिवल्यात. कवा आला, आनि मी नसलो, तर तू बसवून दे."